ज्वालामुखी समजून घ्यायचाय? पुण्यातल्या टेकडीपासून सुरुवात करा

बहुतेक जण ज्वालामुखी शिकतात ते नावांपासून. हवाईयन, स्ट्रॉम्बोलियन, व्हल्कॅनियन, प्लिनियन अशी यादी पाठ होते आणि परीक्षा संपली की विसरली जाते. एक ज्वालामुखी महिनोन्‌महिने नुसता वाहतो आणि दुसरा एका सकाळीत अख्खं शहर संपवतो, ते का, याचं उत्तर त्या यादीत नसतं. मी हा विषय कॉलेजात शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून, टेकड्या फिरत, जाणत्या माणसांना विचारत शिकलो. या वाटेवर नवखा माणूस नेमका कुठे अडतो ते मला ठाऊक आहे, म्हणून इथला क्रम वेगळा लावलाय: आधी कारण, मग हातात दगड, आणि प्रकारांची नावं त्यानंतर.

पुण्यात राहणाऱ्यांना यात मोठी सोय आहे. पायाखालचा काळा पाषाण, पाट्या-वरवंट्याचा दगड, जुन्या वाड्यांची जोती, पाताळेश्वराचं लेणं, हे सगळं गोठलेला लाव्हाच आहे. अभ्यासाचं साहित्य दाराशी आहे, फक्त वाचायला शिकायचंय.

सोबत काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसलं. बाकी काही नाही घेतलं तरी चालेल, हे हवंच.
- छोटं लोहचुंबक, एक लोखंडी खिळा आणि ड्रॉपरच्या बाटलीत व्हिनेगर.
- वही, पेन्सिल, आणि फोटोत मापासाठी ठेवायला फूटपट्टी.
- नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मोफत मिळतात. खडकांचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर आहेत.
- ओळखपत्र. चालू खाणीत शिरायचं असेल तर मालकाची लेखी परवानगी. विद्यार्थ्यांचा गट असेल तर कॉलेजचं पत्र. सिंहगडावर वनविभागाच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं, पावती जपून ठेवा.

हातोडी या यादीत मुद्दामच नाही. टेकड्यांवर, गडांवर आणि लेण्यांत दगड फोडायचा नाही. पडलेले तुकडे पुष्कळ असतात, त्यांवर काम भागतं.

१. डोक्यातला शंकू बाजूला ठेवा

नवीन माणसाचा पहिला प्रश्न हमखास असा येतो: मग पुण्याच्या ज्वालामुखीचं तोंड कुठे होतं? पर्वती? सिंहगड? वेताळ टेकडी?

यातलं कुठलंच नाही. या टेकड्या ज्वालामुखी नाहीत, त्या उरलेल्या भिंती आहेत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि आडवा पसरला. एकावर एक थर साचत गेले. पुढे कोट्यवधी वर्षं नद्यांनी ते कापले, आणि जे कापायचं राहिलं त्याला आपण टेकडी म्हणतो. दख्खनचा हा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटाच्या बाजूला त्याची एकूण जाडी २ किलोमीटरच्या आसपास जाते. काही प्रवाह तर आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे जवळजवळ १,००० किलोमीटर गेले.

त्या भेगा आजही शोधता येतात. शेवटचा लाव्हा त्यांच्यातच गोठून उभ्या भिंतीसारखा राहिला. त्याला डाइक म्हणतात. नाशिक-पुणे पट्ट्यात, नर्मदा-तापीच्या खोऱ्यात आणि कोकण किनाऱ्यालगत त्यांचे समूह आहेत.

स्वच्छ हवेच्या सकाळी वेताळ टेकडीवर उभं राहा आणि समोरच्या डोंगरांच्या कडांवरून नजर आडवी फिरवा. माथे सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचे, आणि एका डोंगराची पायरी दरी ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जवळपास त्याच उंचीला पुढे सुरू होते. वहीत ती रेषा काढा. ज्वालामुखीच्या शंकूत थर उतरते असतात, इथे ते आडवे आहेत. एवढ्या एका निरीक्षणावरून शंकू की भेग हा निकाल लागतो.

२. खडक वितळतो कसा, हे आधी पक्कं करा

पृथ्वीच्या आत सगळीकडे लाव्हा भरलेला आहे आणि वरचं कवच फुटलं की तो बाहेर येतो, ही समजूत काढून टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. भूकवचाखालचं प्रावरण घन आहे. ते खूप तापलेलं आहे, वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या संथ गतीने सरकतं, पण आहे घनच. द्रवरूप आहे तो बाह्य गाभा. तो सुमारे २,९०० किलोमीटर खोल आहे, लोखंडाचा आहे, आणि त्याचा आपल्या लाव्हाशी संबंध नाही.

मग घन खडक वितळतो कसा? तीन वाटा आहेत.

पहिली, दाब कमी होणं. खोलवर खडक तापलेला असूनही वितळत नाही, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. तोच खडक वर सरकला की दाब उतरतो आणि तापमान न वाढताही त्याचा काही भाग वितळतो. भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे मोठे सरकते तुकडे) एकमेकांपासून दूर जातात तिथे, म्हणजे महासागरांच्या मधल्या पर्वतरांगांवर आणि आइसलँडमध्ये, हेच चालतं. खोलातून तप्त खडकाचा स्तंभ वर येतो तिथेही हेच. दख्खनचा लाव्हा अशाच एका स्तंभावरून भारताचा भूपट्ट सरकत असताना आला असं मानलं जातं. तो भूपट्ट त्या काळात वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेला चालला होता. भारत पुढे निघून गेला, लक्षद्वीप-मालदीव-छागोस ही समुद्रातली रांग त्या वाटेवर मागे राहिली, आणि तो स्तंभ आज हिंद महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार वाहतो. आपल्या काळ्या पाषाणाचा तो जिवंत नातेवाईक आहे असं मी मानतो.

दुसरी वाट, पाणी मिसळणं. समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली खचतो तेव्हा खनिजांत अडकलेलं पाणी सोबत नेतो. खोलवर ते पाणी सुटतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि खडकाचं वितळण्याचं तापमान खाली आणतं. जपान, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, अँडीज पर्वत आणि आपलं अंदमान ही सगळी याची उदाहरणं.

तिसरी, वर आलेल्या शिलारसाच्या (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाच्या) उष्णतेने आजूबाजूचं कवचच वितळणं. यातून घट्ट, सिलिकाने (वाळूत आणि गारगोटीत असतो त्याच घटकाने) भरलेला शिलारस तयार होतो.

एक गोष्ट वहीत अधोरेखित करून ठेवा: खडक पूर्ण वितळत नाही, त्याचा थोडा भाग वितळतो. तो हलका असतो म्हणून वर चढतो, वाटेत कोठी करून थांबतो, निवतो, त्याची घडण बदलते. जमिनीवर येणारा शिलारस कसला असेल ते बरंचसं या मुक्कामांवर ठरतं.

३. दोन प्रश्न: घट्ट किती आणि वायू किती

हे समजलं की उरलेला विषय भराभर उलगडतो.

पातळ आमटी उकळते तेव्हा बुडबुडे येतात आणि गुपचूप फुटतात. पिठलं घट्ट होत आलं की तेच बुडबुडे अडकतात, फुगतात आणि फुटताना हातावर उडतात. शिलारसाचं असंच आहे. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. वर येताना दाब उतरला की ते वायू सुटू लागतात. शिलारस पातळ असेल तर निघून जातात. घट्ट असेल तर अडकतात, आणि मग शिलारसाच्याच चिंध्या करून बाहेर पडतात. त्या चिंध्या म्हणजे ज्वालामुखीची राख. ती लाकडाच्या राखेसारखी जळून उरलेली नसते, खडकाच्या आणि काचेच्या बारीक धारदार कणांची असते.

घट्टपणा ठरतो मुख्यतः सिलिकावर आणि तापमानावर. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्के, तापमान १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस, आणि तो वाहतो. अँडेसाइटमध्ये सिलिका ६० टक्क्यांच्या आसपास. ऱ्हायोलाइटमध्ये ७० किंवा जास्त, तापमान बरेचदा ७०० ते ८५० अंश, आणि तो जेमतेम सरकतो. पुण्याचा खडक बेसाल्ट आहे. मुंबईकडे मनोरी-मढ भागात ऱ्हायोलाइटही सापडतो, म्हणजे दख्खनच्या गोष्टीतही सगळंच शांतपणे वाहणारं नव्हतं.

४. आता टेकडीवर जा आणि एकच थर वाचा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात शेवाळ आणि गवत खडक झाकतं, घाटात दरडी पडतात. मे महिन्यात खडक उघडे असतात, पण काळा पाषाण तापून उभं राहवत नाही.

पहिल्या दिवशी फार जागा बघू नका. जुन्या खाणीची उभी भिंत किंवा रस्त्याकडेचा कातळकाप निवडा, सुरक्षित अंतरावर थांबा आणि खालून वर बघत जा. पुण्याच्या आसपास पाहोएहोए जातीचा लाव्हा भरपूर आहे. गुळगुळीत सायीचा, जिभांसारखा पुढे सरकणारा असा हा लाव्हा. त्याची एक जीभ पुढे येते, वरून गोठते, आणि आत लाव्हा येतच राहतो म्हणून ती फुगत जाते. हातभर जाडीची जीभ अशी फुगून काही मीटर जाड होते. अशा प्रत्येक जिभेला तीन भाग असतात, ते ओळखता आले की तुम्हाला भिंत वाचता येऊ लागली.

तळाला पातळ पट्टा. त्यात कधी कधी नळीसारखी उभी बारीक भोकं दिसतात. खालच्या ओलसर जमिनीवर लाव्हा आला आणि गोठताना वायू वर सरकत राहिले, त्यांच्या या वाटा. मध्ये भरीव गाभा. इथे भोकं जवळपास नसतात, कारण तो सावकाश निवला आणि वायू निघून गेले. भिंगातून पाहिलं तर याच भागात पांढुरके बारीक स्फटिक चमकतात, ते फेल्डस्पार. खडी फोडणाऱ्यांना हवा असतो तो हाच भाग. आणि वर भोकाभोकांचा पट्टा. वर चढणारे बुडबुडे थंड झालेल्या सायीखाली अडकले, तिथेच राहिले. सायीच्या अगदी कडेला ते बारीक, थोडं खाली आलं की मोठे.

म्हणजे भिंतीत खालून वर जाताना भोकं, भरीव, भोकं असा क्रम आला की एक जीभ संपली. पुन्हा तोच क्रम सुरू झाला की दुसरी. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी शेकडो वेळा पाहिलेली भिंत, आणि तिच्यात अशा कित्येक जिभा एकमेकींवर चढलेल्या निघतात. एखाद्या भिंतीत वरचा भाग तुटक्या, खरबरीत तुकड्यांचा दिसला तर तिथे लाव्हा वेगाने ढकलला गेला आणि साय मोडत गेली असं समजा. तशाच तुटक्या, काटेरी पाठीच्या लाव्हाला हवाईत आआ म्हणतात.

गाभ्यातल्या उभ्या चिराही बघा. लाव्हा निवताना आक्रसतो आणि चिरतो. निवणं एकसारखं झालं तर पाच-सहा बाजूंचे खांब होतात. याचा सगळ्यात सुंदर नमुना पाहायचा तर मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी गाठा.

लोहचुंबक पडलेल्या तुकड्याला लावून बघा, हलकी ओढ जाणवेल. खडकात मॅग्नेटाइटचे कण आहेत. लाव्हा गोठला त्या वेळी पृथ्वीचं चुंबकक्षेत्र ज्या दिशेला होतं ती दिशा या कणांनी धरून ठेवली आहे. दख्खनच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे. याच कारणाने कातळाशेजारी मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका.

सावध राहायच्या जागा सांगतो. दिवे घाट, कात्रज घाट आणि बोपदेव घाटात कातळकाप छान आहेत, पण वळणावर गाडी कधीच थांबवू नका. मोकळी जागा बघून गाडी लावा आणि रस्त्याच्या कडेने चालत या. खाणीच्या काठावरचा मुरूम सुटा असतो, पाय सरकतो. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, परफ्यूम, धूर, आरडाओरडा यांतलं काहीही नको.

५. दोन थरांमधला लाल पट्टा शोधा

घाटातल्या कापात काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो, गेरूसारखा, हाताने कुस्करणारा. खालचा थर गोठल्यावर पुढचा लाव्हा येईपर्यंत मधे बराच काळ गेला. खालचा पृष्ठभाग उन्हापावसात झिजला, त्यावर माती झाली, कधी त्यात राखही मिसळली. मग वरून नवा लाव्हा आला आणि माती भाजली गेली.

म्हणजे लाव्हा हा घडलेला भाग आणि लाल पट्टा ही मधली वाट पाहण्याची वेळ. मला या विषयात सगळ्यात गुंतवून ठेवलं ते या पट्ट्यांनी, कारण जाडीवरून वेळ मोजता येत नाही ही गोष्ट ते डोळ्यांसमोर दाखवतात. दहा मीटरचा काळा थर काही महिन्यांत किंवा वर्षांत आला असेल आणि त्यावरच्या वीतभर लाल मातीला हजारो वर्षं लागली असतील. संशोधकांनी याच लाल थरांतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचून त्यांचं वय काढलं. त्यातून दिसलं की एवढ्या प्रचंड लाव्हाचा मुख्य भाग साधारण १० लाख वर्षांच्या आत आला. डायनासोर नाहीसे झाले त्याच काळाच्या आगेमागे हे चाललं होतं. मेक्सिकोत आदळलेला अशनी आणि दख्खनचे वायू यांचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.

६. भोकांत भरलेलं पांढरं काय आहे

लाव्हा गोठल्यावर फार नंतर भोकांतून गरम पाणी झिरपलं आणि आत खनिजं धरली. ओळखायची सोपी रीत: पांढऱ्या भागावर खिळा ओढा. ओरखडा पडतच नसेल तर गारगोटी. पडत असेल तर निघालेल्या चुऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून बघा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, नाही आले तर बहुधा झिओलाइट. पाषाणच्या खाणींतलं हिरवं अ‍ॅपोफिलाइट आणि वाघोलीचं निळं कॅव्हान्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. चांगले नमुने पाहायचे असतील तर नाशिकजवळ सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघा. खाणीत शिरून स्वतः काढायला जाऊ नका.

७. आता उद्रेकांचे प्रकार

आता यादी हातात घ्या. प्रत्येक प्रकाराला तेच दोन प्रश्न विचारा, आणि तिसरा जोडा: शिलारसाला बाहेरचं पाणी भेटलं का?

*भेगी उद्रेक.* पातळ बेसाल्ट, लांब भेग, लाव्हाचे पूर. आपल्या खडकाचा हा प्रकार. माणसांनी पाहिलेल्यांपैकी सगळ्यात मोठ्या अशा उद्रेकांत आइसलँडचा लाकी येतो: १७८३ च्या जूनपासून आठ महिने, २७ किलोमीटर लांबीची भेग, १४ ते १५ घन किलोमीटर लाव्हा. लाव्हाने माणसं फारशी मेली नाहीत. विषारी वायूंनी गवत आणि जनावरं मेली, मग दुष्काळ पडला आणि आइसलँडची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या गेली. दख्खनमध्ये याहून कितीतरी मोठे पूर पुन्हा पुन्हा आले.

*हवाईयन.* तोच पातळ लाव्हा, पण एका मुखातून किंवा छोट्या भेगेतून, कारंजी उडवत. साचून रुंद, बसका, ढालीसारखा डोंगर होतो. २०१८ मध्ये किलाउएआच्या लाव्हाने शेकडो घरं गिळली, तरी लोकांना बाहेर पडायला वेळ मिळाला.

*स्ट्रॉम्बोलियन.* शिलारस थोडा घट्ट. मोठे बुडबुडे वर येऊन थोड्या थोड्या वेळाने फुटतात, लाल गोळे उडतात. इटलीचा स्ट्रॉम्बोली दोन हजार वर्षांहून जास्त काळ हेच करतोय. उडालेल्या तुकड्यांचा उभा शंकू होतो. तो किती पटकन होतो हे पाहायला मेक्सिकोतलं पारिकुतीन आठवा. २० फेब्रुवारी १९४३ ला मक्याच्या शेतात भेग पडली आणि वर्षभरात तिथे ३०० मीटरहून उंच टेकडी उभी होती.

*व्हल्कॅनियन.* मुखात घट्ट बूच बसतं, खाली दाब साठतो, बूच उडतं. छोटे, कडक, वरचेवर होणारे स्फोट. जपानचा साकुराजिमा याचं नेहमीचं उदाहरण.

*प्लिनियन.* घट्ट शिलारस, भरपूर वायू, आणि तासन्‌तास टिकणारा राखेचा स्तंभ, ३० किलोमीटर किंवा त्याहून वर. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं ते असं. धाकट्या प्लिनीने ते खाडीपलीकडून पाहून पत्रांत लिहिलं, म्हणून हे नाव. फिलिपाइन्समधला १५ जून १९९१ चा पिनातुबोही याच जातीचा. त्याने वर फेकलेल्या सल्फरच्या वायूमुळे पुढची एक-दोन वर्षं पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. शास्त्रज्ञांनी वेळेवर इशारा दिला, लोक हलवले, हजारो जीव वाचले. प्लिनियन उद्रेकात खरा घात करतो तो कोसळणारा स्तंभ: राख आणि वायूंचा शेकडो अंश तापलेला लोट उतारावरून मोटारीहून वेगाने धावत सुटतो. मार्टिनीक बेटावर ८ मे १९०२ ला माँ पेलेवरून असाच लोट आला आणि काही मिनिटांत सेंट पियेर शहरातली २८,००० च्या आसपास माणसं गेली. तिथे फार घट्ट लाव्हाचा घुमट मुखाशी तयार होत होता. त्या प्रकाराला पेलियन म्हणतात.

*पाण्याने भडकलेले.* शिलारसाला समुद्राचं किंवा भूजलाचं पाणी भेटलं की त्याची वाफ होते, आणि आकारमान हजारपटीहून जास्त वाढतं. त्यामुळे पातळ बेसाल्टही स्फोट करतो. १४ नोव्हेंबर १९६३ ला आइसलँडजवळ समुद्रातून सुर्तसे बेट असंच वर आलं. शिलारस वर न येता नुसत्या उष्णतेने भूजल उडालं तरी स्फोट होतो, आणि त्याची आगाऊ चाहूल फार कमी लागते. २०१४ मध्ये जपानच्या ओंताके डोंगरावर गिर्यारोहक त्यातच सापडले.

इथे तीन ठिकाणी लोक अडतात. प्रकार उद्रेकाचा असतो, डोंगराचा नाही. शांत वाहणारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किलाउएआने १७९० मध्ये स्फोट होऊन माणसं मारली आहेत. दुसरं, उद्रेकांची ० ते ८ अशी जी श्रेणी बातम्यांत येते ती फेकलेल्या राखेची आणि तुकड्यांची आहे, वाहिलेल्या लाव्हाची नाही. दख्खनचं मोठेपण त्या मापात बसत नाही. तिसरं, लहान उद्रेक म्हणजे लहान संकट असं नाही. १९८५ मध्ये कोलंबियाचा नेवादो देल रुईस फार मोठा फुटला नव्हता. माथ्यावरचा बर्फ वितळला, चिखलाचा लोंढा दरीतून खाली आला आणि आर्मेरो गावातली २० हजारांहून जास्त माणसं गाडली गेली.

८. राख पाहायचीय? जुन्नर आणि बारामती तालुक्यात आहे

प्लिनियन उद्रेकाची खूण पुणे जिल्ह्यात सापडेल हे कुणाच्या मनात येत नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी आणि बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगाव, या दोन्ही ठिकाणी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेचे वाकडे कण दिसतात, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. राखेची घडण सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीशी जुळते. म्हणजे ती तीन हजार किलोमीटरहून लांबून वाऱ्याने आली. तोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा, पण बोरीची राख त्याची की तोबाच्याच त्याहून फार जुन्या उद्रेकाची, यावर संशोधकांत मतभेद आहेत. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी यावर दीर्घ काम केलंय, कारण याच गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही आहेत. जाल तर फक्त बघा. राख खणू नका, हत्यार उचलू नका.

९. हमखास फसवणाऱ्या जागा

निघोजचे रांजणखळगे लाव्हाच्या बुडबुड्यांनी झालेले नाहीत. कुकडीच्या भोवऱ्यांत दगडगोटे फिरून फिरून बेसाल्ट कोरला गेला. लोणार सरोवर हे ज्वालामुखीचं मुख नाही, अशनी आदळून बेसाल्टमध्ये पडलेला खड्डा आहे. कोकणातली गरम पाण्याची कुंडं, वज्रेश्वरी असो की उन्हवरे, खोल भेगांतून तापून येणाऱ्या भूजलाची आहेत. खाली लाव्हा खदखदत नाही. १९६७ चा कोयनेचा भूकंपही ज्वालामुखीचा नव्हता.

पुण्यात सगळ्यात जास्त फसगत होते ती मुरमातल्या गोल धोंड्यांनी. पायासाठी खणलेल्या खड्ड्यांत पापुद्रे सुटलेले गोळे दिसतात आणि लोक त्यांना ज्वालामुखीतून उडालेले गोळे समजतात. ते झिजेने झालेत. चिरांतून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, आतला भाग गोल उरतो. खूण अशी की गोळ्याचे पापुद्रे बाहेरच्या मुरमात हळूहळू मिसळतात, आणि शेजारचे गोळे अजूनही चिरांच्या चौकटीत ओळीने बसलेले असतात.

१०. चालू उद्रेकावर सराव करा

स्मिथसोनियन संस्थेचा ज्वालामुखींचा साप्ताहिक अहवाल मोफत वाचता येतो, आणि हवाई-आइसलँडचे थेट कॅमेरे आहेत. बातमी आली की वहीत चार ओळी लिहा: भूपट्टांची सरहद्द कुठली, शिलारस कसला, पाणी भेटलं का, बाहेर काय आलं. मराठी बातम्यांत राखेच्या ढगालाही बरेचदा ‘लाव्हा उसळला’ लिहितात, म्हणून मजकुराआधी फोटो बघा.

पहिला सराव आपल्याच बॅरन बेटावर करा, भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. अंदमानच्या पश्चिमेला भारताचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली खचतो, म्हणून वितळण्याचं कारण पाणी. शिलारस बहुतांशी बेसाल्ट, म्हणून लाव्हा वाहतो. पण वायूही आहे, म्हणून शंकूतून राख आणि गोळे उडतात. म्हणजे बराचसा स्ट्रॉम्बोलियन. दीडशेहून जास्त वर्षांच्या शांततेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून उद्रेक चालूच आहेत. प्रत्यक्ष बघायचं असेल तर अंदमानच्या सहलीत बोटीतून बेटाजवळ जाता येतं का ते आधी चौकशी करून ठरवा. सर्वसामान्य पर्यटकांना बेटावर उतरू देत नाहीत.